टाकीच्या दिवसाचं पीठ

पत्नी गेल्यावर सात महिन्यांत माझं वजन नऊ किलोंनी उतरलं. जुलाब, पोटफुगी, सारखं तोंड येणं, जिना चढताना लागणारी धाप, सगळं मी तिच्या जाण्यावर ढकलून मोकळा झालो होतो. लोकही तेच म्हणत.

गंगापूर रोडवरच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला. "काका, तुम्ही गहू खाताय."

मला राग आला. मला सिलिअॅक आहे. गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की माझं आतडं आतून सोलवटतं. निदान झाल्यापासून सोळा वर्षांत पोळीचा तुकडा की बिस्किट तोंडात घातलेलं नाही. मुलीच्या लग्नातही मी घरून नेलेल्या डब्यातला भात खाल्ला. ही शिस्त माझी, असं मी धरून चाललो होतो.

"मग कुठून तरी जातंय," ते म्हणाले. "घरात काय बदललं?" आणि बोलून झाल्यावर खाली बघू लागले.

भांडी तिचीच होती, भाकरी मी थापायला शिकलो होतो. उरलं दळण. दुसऱ्या दिवशी गिरणीत जाऊन विचारलं, माझी ज्वारी कशावर दळता?

"तुमच्याआधी ज्याचा नंबर, त्याच्यावर," गिरणीवाला म्हणाला. "सकाळपासून गहूच चाललाय."

"आधीही असंच?"

"काकूंचं? छे. त्या टाकीच्या दिवशी यायच्या."

टाकी लावणं म्हणजे गिरणीच्या दगडांना पुन्हा खाचा पाडणं. त्या दिवशी दगड उघडून साफ करतात, पण पहिल्या पिठात दगडाची खर, म्हणजे बारीक कच येते म्हणून कोणी दळण आणत नाही.

"आम्ही सांगायचो, काकू, आज नका. ऐकतील तर शपथ. आधी स्वतःचा किलोभर तांदूळ घालायच्या, ते पीठ गाईला. मग ज्वारी. दगड नीट पुसला नाही तर मलाच शिकवायच्या, जशी काय गिरण त्यांच्या माहेरची. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

नव्हतं. अधूनमधून भाकरी दाताखाली कचकचायची, एवढंच ठाऊक होतं. मी ताट सारून म्हणायचो, "पीठ बघून आणत जा ना." ती म्हणायची, "बरं."

घरी येऊन पिठाचा डबा रिकामा केला. तवा, परात घासली. मग ओट्याशी खाली बसलो तो उठवेना. हे सगळं आता मरेपर्यंत एकट्याने करायचं होतं आणि कोणासाठी, ते सुचत नव्हतं.

हल्ली गिरणीवाला फोन करतो, "काका, उद्या टाकी. तांदूळ आणा." दोनदा गेलो. तो दगड पुसत असताना जवळ उभा राहिलो. त्यात नेमकं काय बघायचं, ते मला कळत नाही. तिसऱ्यांदा फोन घेतला नाही. दोन आठवडे भातावर काढले, मग तोही लावायचा कंटाळा येऊ लागला. परवा शेजारी नव्याने राहायला आलेल्या बाईंनी, माहीत नसल्याने, पोळीभाजी आणून दिली. पोळी अजून गरम होती. मी तिच्याकडे बराच वेळ बघत बसलो.

खाल्ली नाही. का नाही, ते सांगता येत नाही. उद्या खाणार नाही, असंही सांगता येत नाही.