आपलं यान अजून पोचलं न्हाई

पृथ्वीवर राहून पृथ्वीशी इतका कमी संबंध ठेवणारा माणूस सबंध लातूर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. माझ्या बायकोचे मामा जन्माने चाकूरचे, नोकरीने देवणीचे गुरांचे डॉक्टर आणि रिटायर झाल्यापासून राहायला लातुरात. पण हा झाला नुसता आधारकार्डावरचा पत्ता. खरे मामा राहतात एका अंतराळयानात. टीव्हीवर एक परदेशी मालिका आहे, हिंदीत बोलणारी, संपता संपत नाही इतक्या भागांची. तिच्यातलं यान वाट चुकून कुठल्या कुठं जाऊन पडलंय आणि त्यातली माणसं पहिल्या भागापासून घरी परत निघालीत. एवढीच गोष्ट. पण मामा तिला मालिका म्हणत नाहीत, 'आपलं यान' म्हणतात. कुणी रस्त्यात भेटून "काय डॉक्टरसाहेब, कसं काय?" म्हटलं, की हे स्वतःच्या गुडघ्याचं सोडून, "धुळीच्या वादळात सापडलंय बगा आपलं यान, लई बेजार हायेत पोरं," असं सांगतात. समोरचा चार दिवस रस्ता बदलून जातो.

बरं, मामा ही मालिका बघत नाहीत, तिचं पारायण करतात. दिवेलागणीला हातपाय धुवायचे, धुवट लेंगा आणि बंडी घालायची, सतरंजीवर मांडी ठोकायची आणि एक भाग बघायचा. एकच. दुसरा लावायचा नाही, पहिला पळवायचा नाही. सुरुवातीचं संगीत मी एकदा अतिशहाणपणा करून पुढं ढकललं, तर मामा कडाडले, "जावई, नमन सोडून पारायण करत्यात का कुटं? मागं घ्या!" सगळ्यात कडक नियम म्हणजे खंड पडता कामा नये. एक संध्याकाळ चुकली की पुन्हा पहिल्या भागापासून. या नियमापायी इतकी वर्षं होऊनही मामांनी शेवटचा भाग काही बघितलेला नाही. मोबाईलवर बोट टेकवलं तर आत्ता दिसेल. पण ते म्हणणार, "मधली वाट न चालता घरी गेलं, त्याला पोचणं म्हणत न्हाईत." यान घरी पोचतं की नाही हे जगाला माहीत आहे, पण मामांसमोर ते बोलायची कुणाची छाती नाही.

माझी आणि त्यांची पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. लातूरजवळच्या मुरुडला मांडव, गोरज मुहूर्त. आता गोरज म्हणजे ऐन दिवेलागण, आणि दिवेलागण म्हणजे यान! अंतरपाट धरलेला, मी हार घेऊन उभा, आणि गुरुजी माईकवर ओरडतायत, "मुलीचे मामा! मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" मामांचा पत्ता नाही. शेवटी ते जनरेटरच्या गाडीमागे सापडले. कुणीतरी दंडाला धरून आणलं, तर ते एका हाताने भाचीला धरून, दुसऱ्या हातात मोबाईल आणि एका कानात वायर खुपसून आले. मंगलाष्टकं सुरू झाली. तिसऱ्या कडव्याला सगळे तांदूळ टाकायच्या बेतात असताना भाचीच्या मागून मामा एकदम ओरडले, "वाचला! वाचला गडी!" सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. मी तर काही वाचलेलो दिसत नव्हतो. वाचला होता तो यानाचा कप्तान.

मामांबरोबर एक भाग बघणं हा एक वेगळाच हुन्नर आहे. त्या यानात गळ्याशी कातडीच्या घड्या असलेला एक हिरवा आचारी आहे. आम्हाला तो बघवत नाही. मामांचा मात्र जीव की प्राण. "काय पोळी हाय गळ्याची! देवणीच्या वळूला असती अशी," म्हणून ते त्याच्याकडे कौतुकाने बघत बसतात. एका भागात तो आचारी पोट धरून गडबडा लोळायला लागला. यानावरचे डॉक्टर यंत्रं लावतायत, आकडे बघतायत, आणि इकडे मामा सतरंजीवर तळमळतायत. "आरं, पोटफुगी हाय ती! डाव्या कुशीला थाप मारून बगा की! गोडंतेल पाजा त्याला!" तिकडच्या डॉक्टरांनी निळा उजेड टाकून त्याला बरं केलं. मामा दोन दिवस त्या डॉक्टरांवर रुसले होते. आणि कप्तान अंघोळीला गेला की विचारूच नका. लातूरचा माणूस, पाण्याच्या बाबतीत नात्यागोत्याला ओळखत नाही. "नळ बंद कर आधी! साबण लावस्तवर कामून सोडून ठेवलास?" असं ते कोट्यवधी मैलांवर ओरडतात, आणि बाहेर टाकी भरून वाहत नाही ना, हे बघायला मलाच उठवतात.

मामींचं म्हणणं असं, की "मी न्हाई बाई बघत असलं भुताखेताचं." त्या स्वैपाकघराच्या उंबऱ्याशी मेथी निवडत बसतात. यान संकटात सापडलं की मेथीची काडी हातातच राहते. एकदा तर कप्तानाला आईची आठवण आली, आणि मामांनी रुमाल काढायच्या आधी मामींचा पदर डोळ्यांना लागलेला मी बघितला. लातूरच्या त्याच मुक्कामात मी आणखी एक गोष्ट बघितली. पारायण बरंच पुढं गेलं होतं, शेवट जवळ आला होता. मामा हातपाय धुवायला गेले, आणि मामींनी उठून, खुर्चीवर चढून, शांतपणे मेन स्विच पाडला. अंधार! मामा बाहेरून लाईटवाल्यांच्या नावाने शंख करायला लागले. मामींनी तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं आणि हळूच म्हणाल्या, "जावई, रिटायर झाल्यावर लई दिवस हा माणूस नुस्ता पंख्याकडं बघून राहिला होता. जेवा म्हटलं की जेवायचा, बस. या यानानं उठवलं त्याला. ते घरी पोचलं, म्हंजी मग ह्यानं कुटं जावं?" पाहुण्यांना नेमकं संध्याकाळी बोलावणं, मोबाईल तांदळाच्या डब्यात ठेवून विसरणं, सगळ्याचा उलगडा झाला.

गेल्या हिवाळ्यात मामींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दोघं आमच्याकडे नांदेडला आले. पारायण अर्थातच सामानाबरोबर आलं. आणि योग असा, की मामींच्या डोळ्याला पट्टी असतानाच शेवटचा भाग येऊन ठेपला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बायकोने समाप्तीसाठी पुरण घातलं, टीव्हीपुढे नारळ ठेवला. दिवेलागण झाली. मामी कोचावर, परक्या घरात, करणार तरी काय बिचाऱ्या! उघड्या एका डोळ्याने त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी गुपचूप उठून पॅसेजमधल्या मेन स्विचपाशी गेलो. बोट ठेवलं, पण दाबवेना. माणसाने इतकी वर्षं धरलेली आस आपण मोडायची म्हणजे काय?

तेवढ्यात आतून मामांचा आवाज आला, "आवं, रिमोट चालंना!"

मी धावत गेलो. रिमोटची पाठ उघडी आणि आतले सेल गायब. बायको म्हणाली, "थांबा, घड्याळातले काढते." तर मामा घाईघाईने म्हणाले, "राहू द्या, राहू द्या! दिवेलागण टळून गेली आता. खंड पडला." आणि नारळ उचलायला वाकले, तर त्यांच्या बंडीच्या खिशात काहीतरी खळकन वाजलं.

पुरणपोळ्या झाल्यावर मी त्यांना गॅलरीत गाठलं. "मामा, खिशात काय वाजतंय?"

मामांनी दोन्ही सेल काढून माझ्या हातावर ठेवले. "ही म्हणती बघत न्हाई," ते म्हणाले, "पण माझ्या बराबर हीच चाललीय की इतकी वर्षं. हिच्या डोळ्याला पट्टी, आन मी एकटाच घरी जाऊन पोचू?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आन जावई, लातूरचा मेन स्विच कोण पाडतंय, ते मला ठावं न्हाई व्हय? पाडू द्या. कुणीतरी आपल्याला धरून ठेवून राहिलंय, लई बरं वाटतं."

मला हसावं की रडावं कळेना. म्हातारा सगळं जाणून होता!

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पहिला भाग लागला, नमनासकट. या खेपेला मामी उंबऱ्याशी नव्हत्या, सतरंजीवर मामांशेजारी होत्या. डॉक्टरांनी टीव्ही बघायला मनाई केलेली, म्हणून चांगला डोळाही मिटून बसल्या होत्या. "सांगा की," त्या म्हणाल्या, "कप्तान कसा दिसून राहिलाय?"

"लई बारीक हाय अजून," मामा म्हणाले. "नवा गणवेश हाय. हसून राहिलाय."

"बिचारं पोरगं," मामी म्हणाल्या. "किती लांब जायचंय त्याला."

पट्टी निघाली, दोघं लातूरला परत गेले. आता रोज संध्याकाळी भाग संपायच्या सुमाराला मी नांदेडहून फोन लावतो. तब्येत वगैरे विचारत नाही, मीही आता त्यांच्यातलाच झालोय. "मामा, कुठवर आलं आपलं यान?" एवढंच विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत माझा जीव उगाच थोडा खालीवर होतो.

"लई लांब हाय अजून, जावई," मामा म्हणतात. मागून मेथी निवडता निवडता मामी म्हणतात, "हाव, लई लांब." मग मी निवांत जेवायला बसतो.