ताणावरची बाग

नामदेवकाका कुठल्याही झाडाखाली शिरण्याआधी पायातले जोडे काढत. नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावाकाठी फिरायला गेले तरी तेच. "झाडाच्या घरात जोडे घालून कोण जाते वं?" असं वर मलाच विचारत.

काकू गेल्यावर मात्र त्यांनी कळमेश्वरची संत्र्याची बाग विकायला काढली. सौदा ठरला, सही तेवढी राहिली. "ती होती तं बाग होती. आता मले पाहवत नाही त्या झाडाइकडं." मुलाने, विजूने, त्यांना हवापालटाला माझ्याकडे धाडलं. मी नोकरीसाठी स्पेनमध्ये, वालेन्सियाजवळच्या एका जुन्या गावात राहते.

डिसेंबर होता. दगडी बोळांतून हिंडलो, किल्ला चढलो. "एवढा चढ चढवला, अन् वर चहा बी नाही!" काका कुरकुरले. उतरताना वाट चुकलो आणि नेमके संत्र्याच्या बागांत निघालो. फळं उतरवून झाली होती. काका मान खाली घालून भरभर चालू लागले.

एका बागेत पाटाचं पाणी शिरत होतं. आमच्याकडे या दिवसांत संत्र्याचं पाणी तोडून झाडांना ताण देतात, तेव्हा कुठे बहर फुटतो. "अवं, पाट फुटला याचा! सारा ताण मोडते ना!" मी काही बोलायच्या आत जोडे बांधावर आणि काका चिखलात. हातांनी माती लावून त्यांनी पाट बुजवलासुद्धा.

मालक ओरडत आला. काकांच्याच वयाचा म्हातारा. रात्री थंडीचा कडाका पडणार होता, आणि जमीन ओली असली की झाडं तग धरतात, म्हणून त्यानेच पाणी सोडलं होतं. मी हे सांगताच काकांनी कान पकडले, बुजवलेला पाट स्वतः फोडला आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याबरोबर पाणी वळवत राहिले. माझ्या भाषांतराची दोघांनाही गरज पडली नाही.

मग चिखलाच्या हातानेच त्यांनी फोन लावला. "विजू, सौदा मोड गा. लोकाच्या बागेसाठी जीव तुटून राहिला माह्या, आपली कशी विकू?"

त्यानंतर दर डिसेंबरात काकांचा कळमेश्वरच्या बागेतून फोन यायचा.

"थंडी कशी हाये वं?"

"स्वेटर घातलाय, काका."

"तुले कोण विचारून राहिलं? म्हाताऱ्याच्या झाडाइचं सांग."

यंदा फोन आला नाही. काका पावसाळ्यात गेले. थंडी वाढली तेव्हा मला राहवेना, एकटीच चालत त्या बागेशी गेले. बांधावर जोडे काढले. पाट वाहत होता.

झाडं बरी आहेत, काका.