काकांचा चाकवत

श्रीधरकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथं अमेरिकेत, रेडमंडच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. "गेले रे हे… झोपेतच," सुमनकाकू एवढंच म्हणाल्या. शोकसभेत जो तो सांगत होता, की शेवटच्या वर्षात मी काकांना पोटच्या मुलासारखा जीव लावला. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना ते दुःख वाटलं.

आमच्याकडे सामुदायिक बागेत प्लॉट मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. यादीत माझा नंबर पहिला आला, तरी प्लॉट काही सुटेना. एकदा तिथून जाताना एका प्लॉटवर गुडघाभर तण माजलेलं दिसलं. घरी येऊन मी कमिटीला मेल ठोकली: इकडे कुणी फिरकत नाही, नियमाप्रमाणे काढून घ्या. कुणाचा आहे, का पडून आहे, एका शब्दानं विचारलं नाही. महिन्याभरात प्लॉट माझा झाला.

पहिल्याच शनिवारी बायकोशी फोनवर बोलत मी सपासप उपटत सुटलो होतो. तीन ढीग झाले असतील, तेवढ्यात मागून आवाज आला, "अरे ए मराठी माणसा, चाकवत आहे तो! तण समजलास काय?" काठी टेकत श्रीधरकाका उभे होते; ही आमची पहिली भेट. मी पुण्यात वाढलेला, ताकातला चाकवत वाट्यावाट्या ओरपलेला. पण जुडीबाहेरचा चाकवत जन्मात पाहिला नव्हता. प्लॉट काकांचाच होता, चाकवत त्यांनी मुद्दाम राखला होता. मग बायपास झाली, नोटीस घरी आली तेव्हा ते हॉस्पिटलात होते.

"कुणीतरी कम्प्लेंट केली म्हणे. असो, आपल्याच माणसाला मिळाला!"

तेव्हाच बोलायला हवं होतं. मग दर शनिवारी त्यांना गाडीतून आणायचं, थर्मासमधला चहा द्यायचा, ते सांगतील तसं खणायचं, हे सुरू झालं. इथं तणासारखी माजणारी काटेरी ब्लॅकबेरी वरून छाटून मरत नाही, मुळाचा गड्डा काढावा लागतो, हे त्यांनीच शिकवलं. पुढे त्यांचा खरोखर लळा लागला आणि सांगणं आणखी अवघड झालं. एकदा मेथी पेरताना त्यांनी सहज विचारलं, "कोण असेल रे तो?"

"असेल कुणी अमेरिकन," मी म्हणालो.

मेलपेक्षा मला या वाक्याची जास्त लाज वाटते.

परवा काकूंकडे गेलो होतो. "प्लॉट गेल्याचं फार लागलं होतं रे त्यांना," त्या म्हणाल्या. "दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले होते. तू भेटलास म्हणून सावरले." निघताना त्यांनी भाजीचा डबा हातात ठेवला. डबा घेतला आणि घरी आलो.

काकू, आपल्या इथल्या मराठी मंडळाची ही पुरवणी तुम्ही पहिल्या पानापासून वाचता, मला ठाऊक आहे. तो अमेरिकन मीच. काकांची घडीची खुर्ची अजून प्लॉटवर आहे. मी तिच्यावर कधी बसलेलो नाही. शनिवारी सकाळी मी तिथे असेन… तुम्ही आलात, तर हेच तुमच्यासमोर उभं राहून सांगेन.