विकायला मनाई असलेला कोट

घर बदलायचं ठरल्यावर मी जास्तीच्या वस्तूंचे फोटो काढून जुन्या सामानाच्या साइटवर टाकले. कूलर, सायकल, शिलाई मशीन भराभर गेलं. ह्यांच्या लष्करी कोटाची जाहिरात मात्र तासाभरात काढून टाकली गेली. सुरक्षेच्या कारणास्तव सैनिकी गणवेश विकता येणार नाही, असा निरोप आला.

मी वैतागले. हे निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, आता त्या कोटाचा कुणाला काय धोका?

"अगं, बरोबर आहे त्यांचं," हे म्हणाले. "गेटवर ड्यूटी करताना आम्ही चेहऱ्याआधी वर्दीच बघायचो."

सायकल कुणीही चालवावी, तिला काही फरक पडत नाही. कोटावर मात्र लोक माणूस न ओळखताही विश्वास टाकतात. असा विश्वास बाजारात कसा मांडायचा? "विकून टाक," असं हेच म्हणाले होते खरे. पण आता त्याची पितळी बटणं रुमालाने पुसताना ह्यांचा चेहरा किती मोकळा दिसत होता!

मग त्यांनी कोट अंगावर चढवला. बटणं काही काजांपर्यंत पोचेनात.

"यात मलाही कुणी आत सोडणार नाही," म्हणून ते पोट धरून हसले.

नव्या कपाटात सगळ्यात आधी मी कोटाची जागा ठरवून टाकली.