लाल दोन, हिरवे तीन

दालेंदाबाईंना मुकदाद ओळखत होता असं म्हणणं जरा जास्तच होईल. त्यांचं माहेर कुठलं, लग्न झालं होतं की नाही, संध्याकाळी घरी गेल्यावर त्या कुणाशी दोन शब्द बोलत, यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक होती ती गाबेसच्या दवाखान्यातली त्यांची लांबट अंधारी खोली, भर उन्हाळ्यातही अंगात असलेला राखाडी स्वेटर आणि चहा ओतायची त्यांची एक विचित्र तऱ्हा. तरी त्या वारल्याचं गाड्यांच्या अड्ड्यावर कानावर आलं, तेव्हा तो उतारूंना हाका मारायचं थांबवून सावलीत जाऊन बसला. एवढ्याशा ओळखीवर इतकं का वाटावं, ते त्याला सांगता येईना.

त्यांची गाठ पडली ती एका ट्रकमुळे. मुकदाद गाबेस आणि सफाक्स या दोन शहरांमध्ये उतारूंची गाडी चालवायचा. इथे आठ जण भरले की निघायचं, तिकडे आठ भरले की परतायचं. सगळा जन्म त्यातच गेला. अलीकडे मात्र त्याला लांबचं सगळं जोडीनं दिसू लागलं होतं. हातातलं चाक एकच, समोरचा आरसा एकच, पण रस्त्यावरचे खांब दोन, उंट दोन, पोलीससुद्धा दोन. मग तो एक डोळा मिटून गाडी हाकायचा. उतारूंना वाटे, म्हातारा ऊन चुकवतोय.

एकदा दिवस कलताना समोरून ऑलिव्हच्या गोण्यांनी भरलेले दोन ट्रक शेजारी शेजारी आले. दोघांच्या मधून वाट दिसली आणि मुकदादनं गाडी तिकडे घातली. मागची बाई किंचाळली म्हणून बरं. गाडी रेतीत जाऊन रुतली आणि ट्रक भोंगा वाजवत निघून गेला. एकच होता.

घरी त्यानं काही सांगितलं नाही, पण उतारूंनी सांगितलं. बायको, बेया, दुसऱ्या दिवशी त्याला हाताला धरूनच दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी बुबुळं पाहिली आणि दालेंदाबाईंच्या खोलीत धाडलं. दोन डोळे एकमेकांशी जुळवून घेतात की नाही, हे पाहायचं काम त्यांचं. त्यांच्या शेऱ्याशिवाय मुकदादचा परवाना पुढे चालणार नव्हता.

त्यांनी त्याला एक चष्मा घातला. एक काच लाल, दुसरी हिरवी. पार पलीकडच्या भिंतीवर छोटे दिवे लागले.

“या वयात काय स्वच्छ डोळे आहेत हो तुमचे! मोतीबिंदूचं नाव नाही. बरं, सी मुकदाद, दिवे किती दिसतात?” त्यांनी मानाचं ‘सी’ लावून विचारलं.

“खम्सा!” मागून बेया म्हणाली. पाचही बोटं पुढे करून. खम्सा म्हणजे पाच; कुणी कौतुक केलं की दृष्ट लागू नये म्हणूनही तेच म्हणतात.

“खम्सा,” मुकदादही म्हणाला.

दालेंदाबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं.

“यात दिवे कोणी मोजले आणि दृष्ट कोणी काढली?” दालेंदाबाईंनी विचारलं.

“तुम्ही डोळ्यांचं कौतुक केलंत, लल्ला,” बाईंना मानाची हाक मारत बेया ओशाळली. “तोंडातून निघून गेलं. हा शेवटी पुरुषमाणूस, लगेच दृष्ट लागते.”

मुकदादला वाट दिसली, अगदी त्या ट्रकांमधल्यासारखीच. चार हे बरोबर उत्तर आहे, हे त्यानं बाहेरच्या बाकावर ऐकून ठेवलं होतं. “मीही दृष्ट लागू नये म्हणूनच म्हणालो, लल्ला,” तो म्हणाला. “दिवे चारच आहेत. आंधळा थोडाच आहे मी?”

“चार का? बरं.” त्या खुर्चीत मागे टेकल्या. दिवसभर हेच विचारून आवाज बसलेला. “त्यात लाल किती?”

“दोन.”

“आणि हिरवे?”

“तीन.”

“मग दोन नि तीन किती होतात?”

बेयाला आधी हसू फुटलं, मग तिनं पदरासारखी ओढणी तोंडाला लावली आणि भिंतीकडे बघत राहिली.

“चार लिहा ना, लल्ला,” मुकदाद हळूच म्हणाला. “मला दुसरं काही येत नाही.”

“मी चार लिहीन हो. ट्रकला कोण सांगणार?”

त्यांनी खोलीतला दिवा लावला, थर्मास उघडला आणि तिघांसाठी चहा ओतला. थर्मासची कड त्या पेल्याच्या काठाला नीट टेकवत, टेकल्याची खात्री करत आणि मगच ओतत. आंधळ्या माणसासारखं. मुकदाद पाहतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

“काठ पुढे आहे की मागे, ते मला दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “लहानपणी तिरळी होते. आई म्हणायची, तिरळी पोर नशीबवान असते, कशाला दुरुस्त करायचं? माझ्या मेंदूनं एका डोळ्याला तेव्हाच गप्प बसवलं. घरात एकाच्याच मताला किंमत, म्हणून भांडण नाही. तुमचा मेंदू जन्मभर दोघांचं ऐकत आला, सी मुकदाद. आता दोघं दोन गोष्टी सांगतात.”

“मग लोकांचे डोळे जुळवता कसे तुम्ही?”

“लोक सांगतात त्यांना काय दिसतं ते. खरं सांगितलं तर.”

मग त्यांनी त्याच्या रोजच्या चष्म्यावर बारीक रेघांची, दोन चित्रं एकत्र आणणारी एक पारदर्शक पट्टी चिकटवली. पार टोकाच्या दाराशी उभ्या असलेल्या दोन बेया हळूच एकमेकींत सरकल्या.

“एकच आहे,” मुकदाद म्हणाला.

“देवाची कृपा,” बेया म्हणाली. “दोन झेपल्या नसत्या त्याला.”

पण दिवस कलला, डोळे थकले, की पट्टीनंही भागेना. दर खेपेला तो आशेनं जायचा, दालेंदाबाई एकेक डोळा झाकून बघायच्या, चहा ओतायच्या आणि म्हणायच्या, “गाडी नको.” दोघंही दमलेले. वाद घालायला कुणाच्यात जोर नव्हता. अखेर त्यानं गाडी विकली आणि अड्ड्यावर उतारूंना हाका मारायचं काम धरलं. एक गोष्ट मात्र तो पाळत राहिला. त्या खोलीत त्यानं पुन्हा कधी दिवे कमी सांगितले नाहीत.

पुढे दालेंदाबाई कामावरून निवृत्त झाल्या. एका दुपारी हातात पिशवी घेऊन त्या अड्ड्यावर आल्या. तीच त्यांची शेवटची गाठ.

“या लल्ला, सफाक्सच ना? एकच जागा उरलीय.”

“एकच? नीट मोजलीत, सी मुकदाद?”

“मोजली. एकच.”

गाडीत चढताना त्या पायरी पायानं चाचपू लागल्या. मुकदादनं हात पुढे केला.

“उंच आहे, सांभाळून.”

“हं. दार लावा आता, ऊन येतंय आत.”

“लावतो.”