वाहून गेलेली सात पत्रं

"लवकर बोला मास्तर, पानी वाढतंय."

आक्का हे ऐन उन्हाळ्यातही म्हणायच्या. बोलताना त्यांची नजर माझ्याकडं नसायचीच, दारातून दिसणाऱ्या नदीकडं असायची. एका जागी न ठरणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आक्का चहासुद्धा फेऱ्या मारत प्यायच्या.

भाटघर धरणाच्या फुगवट्याच्या वरच्या टोकाला आमचं छोटं पोस्ट. मी तिथला पोस्टमास्तर, आक्का टपाल वाटायच्या. पलीकडच्या वाड्यांना रस्ता नव्हता. पावसाळ्यात नदी खडकांतून उसळत यायची आणि आक्का त्यात आपली होडी घालायच्या. पोहता येतं का, असं मी एकदा विचारलं. "बुडायचं न्हाई, एवढंच येतं," म्हणाल्या.

त्या दिवशी मी मीटिंगला भोरला गेलो होतो. टपालाची थैली आक्कांनीच उघडली, पत्रं लावली आणि निघाल्या. पलीकडं पहिल्याच घरात एका मुलीला नर्सिंगच्या मुलाखतीचं पत्र दिलं. मुलाखत दुसऱ्याच दिवशी, पुण्यात. मुलगी म्हणाली, मला आत्ताच नदीपार सोडा. टपालाच्या होडीत माणूस घ्यायचं नाही, हा नियम. आक्कांनी तिला घेतलं. वाटायची सात पत्रं थैलीत तशीच राहिली.

खळाळात होडी खडकावर चढली. मुलगी एका बाजूला कलंडली, थैली दुसऱ्या बाजूला घसरली. आक्कांनी मुलीचा हात धरला. थैली गेली.

मुलगी संध्याकाळच्या एसटीनं पुण्याला पोचली. पुढं तिला प्रवेशही मिळाला.

अहवालात मी तिचा उल्लेख टाळला. वाचून दाखवला, तशा आक्का म्हणाल्या, "पोरगीला कशापायी वगळलं? थैली काय म्या उगंच सोडली?" मी पुन्हा लिहिला. चौकशी झाली आणि आक्कांचं काम गेलं.

तोवर त्या घरोघर फिरून आल्या होत्या. कुणाचं आधार कार्ड गेलं, कुणाचं बँकेचं पाकीट, सगळं त्यांच्या ध्यानात होतं. सातवं पत्र धनगरवाड्यावरच्या एका म्हाताऱ्याचं. हातानं पत्ता लिहिलेलं तेवढं एकच. म्हाताऱ्याचा मुलगा फार वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला. आक्का दोनदा डोंगर चढल्या, पण म्हातारा लेकीकडं गेला होता.

नंतर त्या भोरला भाच्याकडं राहायला गेल्या. एसटी स्टँडवर भेटल्या, तेव्हा आधी हेच विचारलं, "त्या म्हाताऱ्याला सांगितलं का?"

मी हो म्हणालो. सांगितलं नव्हतं. चढ मोठा, आज जाऊ, उद्या जाऊ, असं चाललं होतं. त्यानंतर मलाच पोस्टात बसवेना, तरी मी गेलो नाही.

दिवाळीनंतर आक्का वारल्याचा फोन आला. दुसऱ्या दिवशी मी डोंगर चढलो. म्हातारा शेळ्यांना पाला टाकत होता. मी सगळं सांगितलं, माझा उशीरही. तो रागावला नाही. हातातला पाला खाली ठेवला.

"अक्षर कसं व्हतं?" त्यानं विचारलं. "तिरकं व्हतं का?"

ते पत्र पाहिलं होतं फक्त आक्कांनी.