आई शेवटी काय म्हणाली

रफूताईला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं एकच माणूस होतं, तिची आई, आणि ती गेली. बाकी सगळ्या गल्लीला ती रफूताईच. लाँड्रीच्या दुकानात खिडकीपाशी तिचं टेबल. भोक बुजवायला दोरा बाहेरून आणायचा नाही, हा तिचा हट्ट. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून चार धागे उसवायचे आणि भोकावर विणायचे. मग खुद्द मालकालाही जागा सापडत नसे. इस्त्रीवाला म्हणायचा, "ताई, तू चोरीच्या धंद्यात हवी होतीस. मागमूस ठेवत नाहीस!"

आई आजारी पडली त्याच सुमाराला रफूताईचंही मन आजारी पडलं. झोप उडाली, छातीत सतत धाकधूक, सुई हातात धरवेना. आई गेल्यावर तर तिने अंथरूणच धरलं. गोळ्यांनी फरक पडेना, तेव्हा डॉक्टरांनी डोक्याला विजेचे शॉक द्यायचं ठरवलं. आसपासच्या दिवसांतलं काही पुसलं जाईल, त्यातलं काही परत येईल, काही येणार नाही, हे त्यांनी आधी समजावलंही होतं म्हणे. तिला तेही आठवत नाही. शिवाय या दुखण्यात मन आपल्यातच इतकं गुंतलेलं असतं, की बाहेर घडलेलं मुळात पक्कं बसतच नाही. उपचार लागू पडले, यात वाद नाही. ती उठली, जेवू लागली, टेबलावर परतली. फक्त आईचे शेवटचे दिवस तिच्याकडे नव्हते. "तूच होतीस ना उशाशी," असं कोणी म्हटलं की ती मान डोलवायची. स्वतःच्या आईचं मरण विसरलेली मुलगी! कोणत्या तोंडाने सांगणार?

वर्षभराने धाकटा भाऊ आला. नोकरी लांबच्या शहरात. त्या वेळी त्याला पोहोचता आलं नव्हतं. ताईने शॉक घेतल्याचं त्याला ठाऊक होतं, विसरल्याचं नव्हतं. चहा पिता पिता त्याने विचारलं, "ताई, आई शेवटी काय म्हणाली गं? खोलीत तू एकटीच होतीस."

'आठवत नाही' एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही. पण समोर तो कपाचा कान घट्ट धरून बसलेला. रफूताईने धंद्यातलीच युक्ती केली. आईच्या रोजच्या बोलण्यातले धागे काढले.

"म्हणाली, 'बाळ्याला म्हणावं, धावपळ करू नकोस. आधी जेवून घे.'"

त्याने कप खाली ठेवला. "त्या दिवशी फोनवर तू वेगळं सांगितलं होतंस."

रफूताईला तो फोनच आठवेना. आपण सांगितलं होतं?

"माझं नाव तिने काढलंच नव्हतं. मला तिचे तेच शब्द परत ऐकायचे होते, तुझ्या तोंडून." मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "ताई, तुला आठवत नाही?"

तिने मान हलवली. "काय म्हणाली रे?"

"तुझ्याच काळजीत होती. कित्येक रात्री तुझा डोळ्याला डोळा लागला नव्हता ना. म्हणाली, 'तू झोप जरा. मी आहे जागी.'"

रफूताईने तोंडावर हात दाबून धरला. आईच ती! मरायला टेकलेली, आणि वर लेकीची राखण करते. वर्षभरात पहिल्यांदा तिला आईसाठी पोटभर रडू आलं. आणि रडता रडता एकदम लक्षात आलं.

"मग? मी झोपले?"

भाऊ घुटमळला. "छे गं! जागीच होतीस. तिचा हात धरून बसली होतीस." आणि घाईने दोन्ही कप उचलून तो विसळायला आत गेला.

किती मऊ आवाजात बोलला. आत्ताच ती त्याच्याशी अगदी तशीच बोलली होती. सुरुवातीलाच 'आठवत नाही' म्हटलं असतं, तर त्यानेही सरळ सांगितलं असतं. बरं असो की वाईट, ते तिचं झालं असतं. आता कोणत्या तोंडाने म्हणणार, खरं सांग?

आत नळ चालूच होता. दोन कप विसळायला एवढा वेळ लागत नाही.